रांगेत लावलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, पण आता मला कोणी उघडत नाही. मिठात घातलेल्या पक्ष्यांच्या बादलीचं झाकण हलू नये म्हणून मला त्यावर ठेवतात. वजन म्हणून! दक्षिण समुद्राकाठच्या ब्लफ बंदरावरच्या या शेडमध्ये ओल्या दोरांचा आणि चरबीचा वास भरलेला असतो, आणि माझ्या कळांच्या फटींत मीठ जाऊन बसलंय. हसायचं असेल तर हसा. पण एके काळी माझ्या पडद्यावर जगभरची माणसं ये-जा करत होती, आणि त्या माणसांमुळेच माझी ही गत झाली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कोणाला आठवतो? माझी पहिली आठवण जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या एका दुकानातली. हुया नावाच्या बाईने मला तिथून उचललं. ती ब्लफला कालवं फोडायच्या कामावर होती आणि शिंपल्यांनी तिची बोटं जागोजागी चिरलेली होती. तिने मला मुलीच्या शाळेच्या अभ्यासासाठी घेतलं. मुलीचं नाव एरेना. अभ्यास झाला म्हणे थोडाफार. मग तिने माझ्यावर 'खडकावरचं घर' ही कार्टून मालिका लावली, आणि अभ्यास राहिला बाजूला.

त्या मालिकेत दीपगृह सांभाळणारी एक मुलगी होती आणि गस नावाचा एक म्हातारा, बोलका समुद्रपक्षी होता. गसला आवाज देणारे गृहस्थ म्हातारे होते. त्यांचा आवाज खर्जातला, थोडा फाटलेला, आणि कितीतरी पोरांना तो आपल्याच आजोबांचा वाटायचा. ब्लफमध्ये मात्र ती मालिका एरेनाशिवाय कोणी बघत नव्हतं. शाळेत तिने एकदा गसचं नाव काढलं तर पोरं वर्षभर तिच्या मागे चोच करून फिरली. तेव्हापासून ती घरी येऊन कागदावर गस काढायची आणि त्याचा फोटो माझ्यात उतरवायची. असे ढीगभर गस माझ्या पोटात जमले.

मग तिने एक ब्लॉग उघडला. त्या जागेचं नाव मी सांगत नाही. आपल्या आवडत्या मालिकांवर जीव टाकणारे लोक तिथे जमतात, चित्रं लावतात, गोष्टी लिहितात, दुसऱ्याचं आवडलं तर ते आपल्या ब्लॉगवर घेतात. सुरुवातीला एरेनाच्या चित्रांकडे कुत्रंही फिरकलं नाही. ती रोज माझ्यासमोर बसून वाट बघायची. मला तिची कीव यायची, पण करणार काय?

एके दिवशी प्रिस्का आली. ही समुद्रापलीकडच्या होबार्टची, एरेनापेक्षा जराशी मोठी, आणि तिचा ब्लॉग चांगला नावाजलेला. तिने एरेनाचा एक गस आपल्या ब्लॉगवर घेतला आणि खाली लिहिलं, 'ही मुलगी कुठे लपली होती?' त्या रात्री एरेना जेवलीच नाही. पुढे दोघींची इतकी गट्टी जमली की प्रिस्काने पार्सल पाठवायचं म्हणून घरचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घेतला. प्रिस्का तिला सगळं शिकवायची. चित्राखाली शोधायचे शब्द नीट टाक. दुसऱ्याचं चित्र घेतलंस तर त्यावर दोन शब्द मनापासून बोल. अनामिक पेटीत, म्हणजे नाव न सांगता लिहिता येतं तिथे, प्रश्न आला तर उत्तर दे, शिवी आली तर गिळून टाक. आणि काही झालं तरी ब्लॉग गप्प ठेवू नको.

"गप्प ब्लॉग म्हणजे बंद दुकान," ती म्हणायची. "गिऱ्हाईक दोनदा येतं गं, तिसऱ्यांदा नाही."

त्यासाठी तिथे रांग नावाची सोय होती. एकदाच बसून पुष्कळ चित्रं रांगेत लावून ठेवायची, मग ती रोज आपोआप एकेक करून बाहेर पडतात. माणूस झोपलेलं असो, शाळेत असो, रांग चालूच. एरेनाला ती फार आवडली. मला मात्र पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती झोपलेली असायची आणि माझ्या पडद्यावर तिचे शब्द हसत-खिदळत बाहेर जायचे. माणूस नसताना त्याचा आवाज ऐकू यावा, हे काही बरं लक्षण नाही. माझ्या मनात पाल चुकचुकायची.

पण चाहते वाढले. आधी शेकड्यात, मग हजारात. ब्लफच्या रस्त्यावर मान खाली घालून चालणारी पोर तिथे मोठी चित्रकार होती. तिला 'आमची एरेना' म्हणणारी माणसं होती आणि तिला दुसरं काही नको होतं. फक्त तो आकडा तिला चैन पडू देत नव्हता. उठल्यावर तोंड धुवायच्या आधी ती मला उघडून आकडा बघायची. चारदोन जण कमी झाले की दिवसभर तोंड उतरलेलं.

हुया म्हणायची, "अगं, इतकी माणसं तुला ओळखतात, तर एखाद्याला भांडी घासायला बोलाव ना."

एप्रिल आला. या घरची माणसं दर वर्षी एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या बेटांवर तीती धरायला जातात. तीती म्हणजे समुद्रपक्ष्याची जाडजूड पिल्लं. ज्या घराण्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा हक्क आहे त्यांनीच जायचं, बिळांत हात घालून पिल्लं काढायची, सोलायची, मिठात घालून बादल्या भरायच्या. एरेनाचे आजोबा, त्यांना सगळे पोउआ म्हणत, कर्ते म्हणून पुढे असायचे. हुयाला कालवांचा हंगाम असल्यामुळे ती घरीच राहायची. बेटावर फोन चालत नाही. हवामान ऐकायला आणि अडीअडचणीला एक रेडिओ, तेवढाच.

इतके दिवस ब्लॉग गप्प राहणार म्हणून एरेनाचा जीव वरखाली होत होता. तिने बसून रांग भरली. रोज एक चित्र, रोज एक गोड वाक्य. मधेच एक गंमत म्हणून तिने नवं चित्र काढलं. गस मिठाच्या बादलीत बसलाय, फक्त मान बाहेर, दीपगृहाची मुलगी वरून मीठ ओततेय, आणि खाली लिहिलंय, 'चला, म्हातारबुवांची पाळी आली!' पक्षी मिठात घालणाऱ्या तिच्या घरात ही मायेचीच थट्टा होती. पोउआंनी चष्मा लावून चित्र बघितलं.

"पोरी, मीठ कमी घातलंस," ते गंभीरपणे म्हणाले. "असा पक्षी आठवड्यात नासेल."

ते चित्र तिने प्रिस्काला दाखवलं, तीही पोट धरून हसली. मग ते रांगेत गेलं. रांगेच्या अगदी शेवटी, परत यायच्या दिवसावर, एरेनाने एक वाक्य लावलं. मालिकेचे नवे भाग उतरवून ठेवायचं काम माझ्यावर सोपवून तिने मला चालू ठेवलं आणि आईकडून वचन घेतलं, की याला हात लावायचा नाही, झाकणसुद्धा मिटायचं नाही.

"नाही लावत हात," हुया म्हणाली. "तुझ्या त्या डबड्यापेक्षा मला माझी कालवं बरी."

पोउआंना आणि एरेनाला घेऊन बोट गेली. सुरुवातीला सगळं ठीक होतं. रांगेतून रोज एक गस बाहेर पडायचा आणि लोक खूश व्हायचे. मग एका सकाळी माझ्या पडद्यावर बातमी आली. गसला आवाज देणारे ते म्हातारे गृहस्थ वारले होते.

मित्रांनो, असं रडणं मी आधी पाहिलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या ब्लॉगवर गस, मेणबत्त्या, काळी चौकट. आणि मला ठाऊक होतं की रांगेत आता पुढे कोण उभं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली येणार होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तशी गाठ पडली. मी तापलो, पंखा घरघरवला. यापलीकडे मला काही येत नाही. हुया कामावरून आली, माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "काय याचा दमा!" पडद्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून तिने माझ्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं.

तेवढ्यात घरचा फोन वाजला. प्रिस्का होती. तिलाही ते चित्र आठवलं होतं. ती हुंदके देत बोलत होती. हुया आधी घाबरली, तिला वाटलं बेटावर कोणाचं काही झालं. मग तिला कळलं की कार्टूनमधल्या पक्ष्याचा आवाज गेलाय, आणि तिच्या जिवात जीव आला. प्रिस्का विनवत होती की लॅपटॉप उघडा, मी सांगते ते एक चित्र काढून टाका, नाहीतर रेडिओवरून एरेनाला कळवा.

"हे बघ बाळ," हुया म्हणाली, "त्या रेडिओवर सगळ्या बोटी कान लावून असतात. तिथे मी पक्ष्याचं काय सांगू? आणि दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत नाही. शब्द दिलाय."

तिने फोन ठेवला, मासे तळले, जेवली. मी फडक्याखाली जळत होतो.

सकाळी ते चित्र गेलं. 'चला, म्हातारबुवांची पाळी आली!'

मग सुरू झालं. काल ज्यांनी 'आमची एरेना' म्हटलं होतं त्यांनीच ते चित्र उचलून आपल्या ब्लॉगवर नेलं आणि खाली थुंकले. एकाकडून दहा, दहाकडून हजार. एखादा म्हणाला की अहो, हे आधीच लावून ठेवलेलं असेल, तर लोक त्याच्यावरही तुटून पडले. कोणीतरी ब्लफ हुडकून काढलं, कोणीतरी बेटं. ही खरोखरच पिल्लं मारून मिठात घालते, असं ओरडत नवी झुंड आली. त्या झुंडीला पोउआ ठाऊक नव्हते, त्यांचे पूर्वज ठाऊक नव्हते. अनामिक पेटी भरून वाहू लागली. त्यात काय होतं ते मी लहानांसमोर सांगणार नाही.

आणि रांग थांबली नाही. लोक शिव्या देत होते आणि एरेनाचा ब्लॉग रोज गोड बोलत होता. 'आज कोणी गोड खाल्लं?' 'सगळ्यांना मिठी!' लोकांना वाटलं ही निगरगट्ट आहे, आपल्याला खिजवतेय. मला तर फडक्याखाली तिच्याच शब्दांची भीती वाटायला लागली.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? चाहते कमी झाले नाहीत. वाढले. तमाशा बघायला माणसं आली आणि तिथेच बसली. एरेना ज्या आकड्यासाठी तळमळत होती, तो आकडा आता तिच्या मागे लागला.

प्रिस्का काही दिवस एकटी भांडली. मग तिच्याही पेटीत घाण पडू लागली, तिचेही लोक सुटू लागले. एका संध्याकाळी तिने जाहीर लिहिलं की माझा आणि या मुलीचा फारसा संबंध नव्हता. मी तिला दोष देत नाही. पण मी ते वाचलं आहे, आणि जुनी गट्टीही मीच पाहिली आहे.

बोट परत आली. एरेना उन्हावाऱ्याने काळवंडली होती, अंगाला चरबीचा वास, आणि तोंडभर हसू. बेटावर तिने खऱ्या तीतींची चित्रं काढली होती, वहीभर, इतकी जिवंत की पोउआंनीही नावं ठेवली नाहीत. ती चित्रं ब्लॉगवर लावायची तिला घाई होती. बूटही न काढता ती आली, माझ्यावरचं फडकं तिने ओढलं आणि एक कळ दाबली.

मला त्या दिवशी बंद पडता आलं असतं तर मी पडलो असतो.

ती वाचत गेली. आधी तिला कळेचना. मग ती खुर्चीत बसली. प्रिस्काचं लिहिलेलं तिने पुन्हापुन्हा वाचलं. हुया दारात आली आणि मुलीचं तोंड बघून थबकली. तिला तो फोन आठवला. घाईघाईने तिने तो सांगितला, आणि स्वतःची बाजू घेत म्हणाली, "मला काय ठाऊक गं? मला वाटलं, पक्ष्यासाठी रडतेय."

एरेना वळलीसुद्धा नाही.

"आई, ती माझ्यासाठी रडत होती."

आणि तेवढ्यात, मित्रांनो, रांगेतलं शेवटचं वाक्य बाहेर पडलं. परत यायच्या दिवसासाठी तिनेच लावलेलं. माझ्या पडद्यावर, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या नावाने ते उमटलं: 'मी परत आले! माझी आठवण काढलीत का?'

उत्तरं लगेच येऊ लागली. मी वाजत राहिलो. एरेनाने दोन्ही हात माझ्या झाकणावर ठेवले आणि ते इतक्या जोरात मिटलं की बिजागरी तुटली.

तिने दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्रावरून ब्लॉग पुसून टाकला. पण दुसऱ्यांच्या ब्लॉगवर गेलेलं चित्र तिला पुसता येईना. वही चुलीत गेली. मी शेडमध्ये आलो. हुया अधूनमधून येते, माझ्यावरची धूळ त्याच फडक्याने पुसते आणि जाते.

माझी एकच विनंती आहे. आम्हा यंत्रांना माणसाची मर्जी कळते, वेळ कळत नाही. तुमचं बोलणं आमच्यावर सोपवून लांब जाऊ नका, आणि जाणारच असाल तर मागे एक असं माणूस ठेवा, ज्याला झाकण मिटायची मुभा असेल. आणि कोणाचा शब्द वेळ चुकून आला असं वाटलं, तर दगड उचलायच्या आधी एकदा विचारा, ती घरी आहे का?

माझ्याखालच्या बादलीतले पक्षी मिठात वर्षभर टिकतात. ते चित्र अजून टिकलेलं आहे.