कुलपाची गोष्ट

चूक माझीच. उगाच दुसरीच्या माथी मारणार नाही.

आमच्या शर्टांच्या कारखान्यात कामाच्या वेळी बोलायला बंदी. मग आम्ही सतराजणी कापडावर खुणा करायच्या मेणाच्या खडूने गोष्ट लिहायचो. रोज एका शर्टाच्या आत, पाठीवर, कॉलरवाली काकू पहिली ओळ लिहायची. तिच्याखाली बाहीवाली, मग काजवाली, असं करत शर्ट शेवटी इस्त्रीला माझ्याकडे. मी वाचायची आणि गरम इस्त्री फिरवायची, की खडू गायब! सुट्टीत नळावर सगळ्यांना अख्खी गोष्ट मीच सांगायची.

परवा काकूने लिहिलं, "एका राजाने महालाच्या मागच्या दाराला कुलूप घातलं. दासी रेशीम पळवतील म्हणे!" पुढच्या बायकांनी आपापल्या ओळींत महालाला आग लावली आणि दासींना दारापाशी आणून उभं केलं.

आमच्याही मागच्या दाराला कुलूप आहे, चावी सुपरवायझरच्या खिशात. गेल्या महिन्यात माझ्या टेबलाची वायर पेटली, तेव्हा पुढच्या चिंचोळ्या दारात आमची कशी चेंगराचेंगरी झाली ते मला आठवलं. डोळे भरून आले. इस्त्री न फिरवताच मी शर्ट घडी घालून पुढे सरकवला. बावळट कुठली!

सुपरवायझर शर्ट नाचवत आला. "पहिली ओळ जिची, ती आजच घरी!"

काकूच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही.

त्याने एक कागद आणि एकच पेन पुढे केलं. "प्रत्येकीने एकेक ओळ लिहा. अक्षर ताडून बघतो." काय लिहायचं ते मात्र हा शहाणा सांगायला विसरला. कागद आधी माझ्याकडे आला. मी लिहिलं, "दासी दाराला धडका देऊ लागल्या." पुढचीने वाचलं, गालात हसली आणि लिहिलं. सतरा हातांतून कागद फिरला.

तो अक्षरं ताडायला एकेक ओळ मोठ्याने वाचू लागला. बोलायला बंदी असलेल्या खोलीत आमची गोष्ट सांगत होता तो, आणि खुशाल! शेवटची ओळ काकूची होती.

"'चावी ज्याच्या खिशात होती, तोही आतच होता.'" त्याने तीही वाचली. मग काकूकडे बोट केलं, "तुझंच अक्षर. चल, ऊठ."

"आणि दुसरी ओळ माझी," बाहीवाली उभी राहिली.

"तिसरी माझी." काजवालीही उठली. बघता बघता सगळ्या उभ्या.

"सगळ्यांना काढीन!"

"काढा की," मी म्हटलं, "पण सतराजणी एकदम पुढच्या दारातून मावत नाहीत, साहेब. अनुभव आहे. मागचं उघडा."

एकही मशीन चालत नव्हतं. त्याने घाम पुसला, बंद मशीनांवरून नजर फिरवली. शेवटी त्याने चावी काढली. कुलूप गंजलेलं, दोनदा जोर लावावा लागला.

दार उघडलं, पण बाहेर कुणीच गेली नाही. काकू आपल्या मशीनवर बसली, कॉलर सुईखाली घेतली आणि पुढची ओळ तोंडाने, खणखणीत आवाजात सांगितली.