आत भट्टी, बाहेर गार

कमलच्या घरात नव्या वस्तूवरची प्लास्टिकची पन्नी काढायची नाही, असा कायदाच होता. टीव्हीचा रिमोट सहा वर्षं पन्नीत, फ्रिजचं हँडल पन्नीत. नवरा पंचशील निवृत्त झाला तेव्हा इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या कारखान्यातल्या सोबत्यांनी दिलेलं घड्याळ तर तीन वर्षं डब्यासकट कपाटात, काचेवरच्या पन्नीसह. "वापरलं की जुनं होतं," कमल म्हणायची. आणि पस्तीस वर्षं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलेला पंचशील या एका बाबतीत बायकोचा पट्टशिष्य होता.

त्यांची मुलगी संबोधी कॉम्प्युटरवर घरं उभी करायची. जे घर अजून बांधलंच नाही, त्यात गिऱ्हाइकाला फिरवून आणायचं, असलं तिचं काम. पुण्याच्या एका कंपनीनं तिची परीक्षा लावली होती: एका बंगल्याची फिल्म रविवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची. पसंत पडली तर नोकरी, आणि तीही इंदूरात, घरी बसून. जुना लॅपटॉप हे ओझं पेलणार नव्हता, म्हणून तिनं नव्या कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडून आणले आणि शनिवारी बैठकीत मांडामांड केली.

पंचशीलला राहवतंय कुठे! हा पंखा हवा आत घेतो की बाहेर टाकतो? याला तीन तारा कशाला? चिप एवढीशी, मग तिच्या डोक्यावर एवढं मोठं धूड का?

"बाबा, तुम्ही काय इंटरव्ह्यू घेऊन राहिले का माझा?" संबोधी हसली. "चिप तापते ना, तिची गर्मी हे धूड ओढून घेतं. हीटसिंक म्हणतात. घ्या, हे तुम्हीच बसवा."

तिनं चिपवर पांढरी पेस्ट लावून दिली. पंचशीलनं पत्र्यांचा तो ठोकळा वर ठेवला आणि चारी स्क्रू आलटूनपालटून, तिरके तिरके आवळले, मोटारीचं झाकण आवळतात तसे. संबोधीनं तपासलं नाही. बाबांनी आवळलेला स्क्रू कोण तपासणार?

रविवारी साडेदहाला ती कामाला बसली. नेहमीच्या वेगानं फिल्म तयार व्हायला आठ तास लागले असते आणि हातात होते साडेसहा. म्हणून तिनं चिपचा ठरलेला वेग वाढवला. आता पाच तास पुरेत. पडद्यावर तापमानाचा आकडा चढू लागला. ऐंशी. पंच्याण्णव. शंभर. आणि पडदा काळा.

तिनं वेग पूर्ववत केला. मशीन बंद पडली नाही, पण आकडा अठ्ठ्याण्णववर अडून बसला आणि काम मुंगीच्या पावलानं चाललं. काम संपायला शिल्लक वेळ: चौदा तास.

"भाजली चिप," ती पुटपुटली. "माझीच लालच नडली. कशाला पळवली एवढी?"

"अगं, कूलरसमोर ठेव ना त्याला," खिडकीतल्या कूलरकडे बोट दाखवत कमल म्हणाली.

"आई, त्याची हवा गीली असते. शॉर्ट होऊन जाईल सगळं."

 पंचशीलला आता पोरीच्या नोकरीइतकीच त्या कॉम्प्युटरच्या डब्याचीही उत्सुकता लागली होती. तो उठला, बुद्धमूर्तीपुढची उदबत्ती घेऊन आला आणि डब्यासमोर धरली. धूर सरळ पुढून आत गेला आणि मागून बाहेर पडला. म्हणजे हवा बरोबर होती. मग त्यानं पंख्यापासून जपून बोट आत घातलं आणि हीटसिंकच्या पत्र्यांना लावलं.

पत्रे गार होते.

पडद्यावर अठ्ठ्याण्णव आणि बोटाखाली गार? मोटार जळायला आली की तिचं अंग तापतं, हात ठेववत नाही. आत भट्टी आणि बाहेर गार म्हणजे उष्णता निघतच नाहीये. मध्ये कुणीतरी दार लावून बसलंय.

कोण बसलंय ते त्याला त्याच क्षणी आठवलं, आणि लाजेनं त्याचे कान तापले. संबोधी स्वतःलाच दोष देत होती. तो गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळलं नसतं.

"संबोधी," तो म्हणाला, "त्या ठोकळ्याच्या बुडाला पन्नी होती. मी काढली नाही."

"काय?"

"नवी वस्तू, म्हटलं राहू दे. बोटानं दाबून सरळसुद्धा केली."

"बाबा, त्याच्यावर लिहिलेलं असतं ना, काढून लावा म्हणून!"

"असेल. मी चष्मा कुठे लावला होता?"

 कमलनं रिमोट हळूच पदराखाली सरकवला. मग संबोधीनं मशीन बंद केली आणि पेचकस त्याच्यापुढे धरला. "खोला. तुम्हीच खोला."

पन्नी निघाली. चिप पुसली, नवी पेस्ट लावली, स्क्रू पुन्हा तिरके तिरके आवळले. या वेळी संबोधीनं वाकून बुड बघितलं, आणि पंचशीलला त्याचं वाईट वाटलं नाही. अकरा पस्तीसला तिनं वाढवलेल्या वेगावर काम लावलं. आकडा बहात्तरवर थांबला. पंचशीलनं पत्र्यांना बोट लावलं. "गरम आहे!" तो असा ओरडला की कमल स्वयंपाकघरातून धावत आली.

आता पाच तास मोजायचे होते. पंचशीलनं कपाटातला घड्याळाचा डबा काढला.

"अहो, खराब होईल ते!" कमल म्हणाली.

त्यानं काचेवरची पन्नी ओढली. काटे हलत नव्हते. सेल कधीच संपला होता.

कमलनं घड्याळ हातात घेऊन उलटसुलट केलं. "वापरलंच नाही, तरी?"

फिल्म चार अडतीसला झाली आणि पाचाच्या आत पुण्याला पोचली. सोमवारी पंचशील कृष्णपुऱ्याच्या बाजारात जाऊन घड्याळात सेल टाकून आला. बुधवारी पुण्याहून फोन आला, संबोधीनं "हो" म्हटलं आणि फोन ठेवून रडली. तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ पंचशीलनं सांगितली, मनगटाकडे बघून.