पुलावरची सोडलेली जागा

गोदामात त्यांना सगळे धसमुसळेकाका म्हणत. ते काही आडनाव नव्हतं, गाडी हाकायची तऱ्हा होती. नवी विजेची व्हॅन पुढच्या गाडीपासून आपणहून अंतर राखायची. काका पूल आला की ती सोय बंद करत. एवढी जागा सोडली तर अख्खं गाव पुढे घुसेल, हे त्यांचं म्हणणं. मग पुढच्याच्या शेपटीला नाक लावायचं, करकचून ब्रेक, पुन्हा मुसंडी.

त्याच पुलावरून, मागून येणाऱ्या बसने त्यांची लेक दवाखान्यात जाई. दिवस भरण्याआधीच जन्मलेली तिची चिमुरडी तिथे काचेच्या पेटीत होती. सकाळची वेळ गाठली तर बाळ अंगावर दूध ओढायला शिकणार; हुकली की नर्स नळीने दूध घालून निजवणार. हल्ली बस रोजच अडकायची. लेक घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची.

जावई वाहतूक नियंत्रण कक्षात होता. एके दिवशी त्याने सासऱ्यांना पडद्यावर पूल दाखवला. एका व्हॅनने ब्रेक दाबला, मागच्याने जास्त, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त. अपघात ना बिघाड, तरी पायथ्याशी बस जागीच उभी. पहिला ब्रेक दाबणाऱ्या व्हॅनच्या दारावरचा पोचा काकांनी ओळखला; ती त्यांचीच होती.

"जागा सोडली तर गाड्या कमी नाही का मावणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"उभ्या करायच्या असतील तर कमीच, बाबा. आपल्याला त्या पलीकडे न्यायच्या आहेत."

दुसऱ्या सकाळी काकांनी गोदामातल्या चालकांना हात जोडले. धसमुसळे भिडस्त झाले म्हणून चेष्टा झाली, पण नातीचं ऐकल्यावर नाही कुणी म्हणालं नाही. सगळ्या व्हॅन अंतर राखून एका चालीत निघाल्या. काकांनी पाय आवरला, जीभही आवरली. पहिली वाट दिली लाल मोटारीला, दुसरी दिली फटफटीला, तिसरी हॉर्न बडवणाऱ्या टँकरला. जो तो घुसला, आणि तरी पूल चालत राहिला, सूत कातावं तसा, न तुटता.

माल उतरवताना फोन आला. लेक कुजबुजत होती, मांडीवर कुणी निजलं असावं तशी.

"बाबा, ओढलं तिनं."

 काका एकेका चालकाच्या खांद्यावर हात ठेवत फिरले.

परतताना एक मोटार आडवी घुसली. काकांनी तिला जागा करून दिली. कोण जाणे, सकाळी लेकीच्या बसपुढे हिनंच पाय आवरला असेल.