चाराचे आठ

सिंगापूरमधल्या कॉलेजांच्या मुलींच्या फुटबॉल लीगमध्ये बाद फेरीत पहिल्या चारच संघांना जागा मिळायची, आणि मैत्रेयीचा संघ लागोपाठ दोन वर्षं पाचवा आला होता. तिच्या वडिलांनी, म्हणजे प्रबोधने, पहिल्या वर्षी नशिबाला दोष दिला आणि दुसऱ्या वर्षी पद्धतीला. रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत तो सिस्टिम्स सांभाळायचा. एखादी पद्धत चुकीची आहे असं एकदा मनाने घेतलं, की ती बदलेपर्यंत त्याला चैन पडत नसे. पालकांचा प्रतिनिधी म्हणून तो लीगच्या समितीत शिरला आणि स्लाइड्स दाखवून दाखवून त्याने सगळ्यांना जेरीस आणलं. चाराऐवजी आठ संघ घ्या. सामने वाढतील, ते ऑनलाइन दाखवता येतील, बाहेरच्या क्लबांचं मुलींकडे लक्ष जाईल. शेवटी समितीने मान डोलावली. काहींनी पटलं म्हणून, बाकीच्यांनी सुटका व्हावी म्हणून.

त्या वर्षी मैत्रेयीचा संघ तिसरा आला.

"म्हणजे जुन्या पद्धतीतही आलाच असता की," गिरिजा पोळी लाटता लाटता म्हणाली. प्रबोधने बायकोचं हे बोलणं ऐकू न आल्यासारखं केलं.

आठ संघ म्हणजे बाद फेरीचा एक टप्पा वाढला, त्यासाठी मैदान मिळायला वेळ लागला आणि सगळं वेळापत्रक तीन आठवडे पुढे ढकललं गेलं. दरम्यान लीगचे शेवटचे सामने ऑनलाइन दिसू लागले होते. थायलंडमधल्या एका व्यावसायिक क्लबच्या प्रशिक्षकबाईंनी ते पाहिले, मैत्रेयीचे दोन गोल पुन्हा पुन्हा पाहिले आणि थेट फोन केला. करार तयार होता. फक्त खेळाडू नोंदवायची मुदत संपत आली होती, त्यामुळे तिने त्याच आठवड्यात निघायला हवं होतं.

त्यांच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी कुणी टीव्ही लावला नाही.

"बाद फेरी खेळून जा," प्रबोध म्हणाला. "इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर खेळलीस, त्यांना ऐन वेळी सोडून जायचं?"

"कॅनॉट लाह, बाबा," मैत्रेयी सिंगापुरी थाटात म्हणाली. "नाही जमणार. ते थांबणार नाहीत."

"अगं, पण निष्ठा म्हणून काही असतं की नाही?"

मैत्रेयीने बुटांची नाडी सोडणं थांबवलं. "पुण्यातली कंपनी तुम्ही प्रोजेक्ट लाइव्ह जायच्या आधी सोडलीत ना? आईच सांगते."

"ते वेगळं होतं."

"वेगळं काय होतं?" गिरिजाने विचारलं. तिला खरंच कुतूहल होतं.

प्रबोध गॅलरीत जाऊन उभा राहिला. खालून एलआरटी ट्रेनचे दोन डबे गेले. जुनी पद्धत असती तर अंतिम सामना होऊन गेला असता आणि मुलगी चषक घेऊन निघाली असती, हे गणित त्याला न मांडताच सुटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने समितीपुढे नवा प्रस्ताव ठेवला: बाद फेरी संपेपर्यंत कुठल्याही मुलीने लीग सोडू नये. अध्यक्ष मिसेस टान फार सभ्य बाई. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि प्रबोधचीच स्लाइड पडद्यावर लावली. 'मुलींना मोठ्या संधी मिळाव्यात म्हणून.' मग त्यांनी सांगितलं, की आणखी दोन संघांच्या मुलींना मलेशियातून बोलावणं आलंय आणि सगळे पालक प्रबोधचे आभार मानताहेत.

मैत्रेयी गेली. विमानतळावर प्रबोधने तिची बॅग शेवटपर्यंत सोडली नाही. सोडायची वेळ आली तेव्हा "पाणी भरपूर पीत जा" एवढंच म्हणाला.

उपांत्यपूर्व सामन्याला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण महाराष्ट्र मंडळातल्या वीसेक लोकांना त्यानेच आग्रहाने बोलावून ठेवलं होतं. आता नको कसं म्हणणार? मंडळी फेटे बांधून आली. "आपली मैत्रेयी कुठली?" असं ज्याने त्याने विचारलं आणि प्रबोधने प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मैत्रेयीच्या जागी नूरुल नावाची बारकीशी मुलगी खेळत होती. समोरच्या संघाने सगळी तयारी मैत्रेयीला अडवायची केलेली. नूरुलकडे कुणी लक्षच देईना. तिने पहिला गोल केला तेव्हा प्रबोधने शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गोलला तो उभा राहून असा ओरडला, की स्वतःच दचकला.

संघ जिंकला. मिसेस टान गर्दीतून वाट काढत आल्या. "पुढच्या वर्षी बारा करायचे का?" त्यांनी विचारलं. प्रबोधने नुसते हात जोडले.

तेवढ्यात मैत्रेयीचा फोन आला. तिने सामना ऑनलाइन पाहिला होता.

"बाबा, नूरुल काय खेळली! मी असते तर तिला बॉल मिळालाच नसता."

"असं काही नाही हं."

"आहे तसंच. इथे सरावातही मला कुणी पासच देत नाही, बाबा. अजून बेंचवरच आहे मी."

आजूबाजूला फेटेवाली मंडळी नूरुलबरोबर फोटो काढत होती. प्रबोध गर्दीपासून थोडा दूर गेला, दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि म्हणाला, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग आधी जेवून घे. मी फोन ठेवत नाही."