डाव्या हाताचं ऊन

नवऱ्याचा डावा हात काळा पडत चाललाय, हे जागृतीच्या लक्षात आलं ते ताट वाढताना. उजवा होता तसाच गव्हाळ. डावा मात्र शर्टाच्या बाहीपासून थेट बोटांपर्यंत करपलेला. दुसऱ्या कुणा बाईला हे दिसलं नसतं. पण जागृतीचं पार्लर होतं, कोपर स्टेशनजवळ. दिवसभर लोकांची कातडी बघणाऱ्या बाईला घरचीच दिसणार नाही, असं कसं होईल?

गिऱ्हाइकांना ती नेहमी सांगायची, "टॅन म्हणजे मळ नाही हो. ऊन आत घुसू नये म्हणून कातडीच रंग तयार करून वर आणते. बिचारी आपल्यालाच वाचवत असते." आणि एवढं सांगून त्याच बिचारीला डी-टॅनचा लेप फासायची. धंदा म्हटला की असं चालायचंच.

जिथे ऊन, तिथेच रंग, हे तिला पक्कं ठाऊक. चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे फटफटीत माग पायावर राहतात, स्कूटरवालीच्या ओढणीतून उघडं राहिलेलं तेवढंच कपाळ काळवंडतं. मग एकच हात काळा असेल, तर ऊनही एकाच बाजूने येत असणार. आणि डावा हात खिडकीबाहेर असतो कधी? माणूस गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसतो तेव्हा.

इथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. हर्षितची स्वतःची मोठी गाडी, स्वतःच चालवायचा, तीही काचा वर करून, एसी लावून. मग याला रोज शेजारी बसवून फिरवतंय कोण?

"हाताला काय झालं रे?" तिने विचारलं.

"साइटवर असतो ना. ऊन लागतं." हर्षितचा रेती-विटांच्या सप्लायचा धंदा होता.

"साइटवरचं ऊन एकाच हाताला लागतं?"

"काय पण तुझं, यार!" म्हणत तो भात तसाच टाकून उठला. ज्याच्या मनात काही नाही तो भात टाकून उठेल कशाला?

रविवारी तिने जबरदस्तीने त्याच्या हाताला लेप लावला. सासूबाई पलंगावरून बघत होत्या. "किती घासशीन गो? आमी मिठागरान कामा केली, सगला आंग काला व्हयाचा. कोन घासीत होता?"

सगळं अंग! म्हणजे सासूनेही तिच्याच बाजूने साक्ष दिली की. लेप चार दिवस टिकला नाही. हात पुन्हा काळा, उलट आधीपेक्षा जास्त. चोर रोज चोरी करतोय आणि आपण रोज पुसतोय, असं तिला वाटलं. रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपायला लागली.

तिला खरी भीती होती ती माहेरी तोंड दाखवायची. मोहने गावातल्या कारखान्यात तिच्या बाबांनी साहेबांची बोलणी खात जन्म काढलेला. स्थळ आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पोरगा कुणाच्या हाताखाली नाही, बस." तेव्हापासून प्रत्येक हळदीत जागृती तेच मिरवायची. आता त्याच हळदीत बायका हिच्याच नवऱ्याच्या गोष्टी चघळणार!

आणि मग एका शनिवारी पार्लरमध्ये हेमा आली. राहायला ठाण्यातल्या कोपरीला, पण माहेर इथलं, म्हणून अधूनमधून यायची. तिने हात पुढे केले आणि जागृतीच्या हातातला ब्रश थांबला. हेमाचा उजवा हात काळा होता. नुसता उजवा!

"गाडी चालवतेस?" तिने शक्य तेवढ्या गोड आवाजात विचारलं.

"रोज सकाळी. आमच्या कोपरीच्या रस्त्यावर."

"एकटीच?"

"छे गं! एक जण असतात शेजारी. इतका शांत माणूस बघितला नाही मी. माझं किती चुकलं तरी आवाज चढवत नाहीत."

"आणि मिस्टरांना चालतं?"

"त्यांनीच तर पाठवलं!"

जागृतीने मनातल्या मनात कानाला हात लावला. काय जग आलंय! बाकीचं हेमा काय काय बोलली ते तिला ऐकूच आलं नाही. संशयाने डोकं भरलं की माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं.

सोमवारी पार्लर बंद. ती तोंडाला ओढणी बांधून कोपरीला जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने एक पांढरी गाडी गचके खात आली. चालवत होती हेमा. शेजारी हर्षित, डावा हात खिडकीबाहेर. जागृती सरळ रस्त्यात जाऊन उभी राहिली.

हेमा किंचाळली. गाडी कचकन थांबली.

जागृतीने ओढणी ओढून काढली, त्याच्या बाजूचं दार खेचून उघडलं. "उतर खाली!"

आणि तिची नजर खाली गेली. हर्षितचा पाय ब्रेकवर होता. त्याच्या बाजूलाही ब्रेक होता. मग तिने वर बघितलं. टपावर पाटी होती, मोटार ट्रेनिंग स्कूलची.

"अगं, जागृती!" हेमा म्हणाली. "सॉरी सर, मला दिसलीच नाही ही."

सर! हर्षित उतरला, तिला बाजूला घेऊन गेला. "सप्लाय बंद पडला, दिवाळीनंतर," तो हळूच म्हणाला. "इथे कोणी ओळखत नाही म्हणून इथे लागलो. तुझ्या बाबांना काय सांगणार होतो?"

"मला तर सांगायचंस!"

"तूच हळदीत काय बोलतेस, ते ऐकतो ना मी." मग एकदम त्याच्या लक्षात आलं. "एक मिनिट. तू मला कुणाबरोबर पकडायला आलेलीस?"

जागृतीची नजर पुन्हा त्याच्या डाव्या हाताकडे गेली.

"हात बघत बसलीस. तोंडाकडे नाही बघितलंस एकदा पण? झोप उडालीय माझी."

खरंच नव्हतं बघितलं. आता बघितलं तर गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. रोज समोर जेवणाऱ्या माणसाचं हे आपल्याला दिसू नये! तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

फुटपाथवर दोन मुली ताटकळत होत्या. त्यातली एक म्हणाली, "सर, आमचा नंबर कधी?" हेमाही काच खाली करून बघत होती. "जागृती, सर ओळखीचे आहेत का गं तुझ्या?"

हर्षितने मान खाली घातली.

"नवरा आहे माझा," जागृती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "इथे नोकरीला आहे."