लालासाहेबांची टाकी

मी टाकी बोलतेय. पाच हजार लिटरची, काळी, प्लास्टिकची. जन्म कुपवाडचा. पण माणसं मला ओळखतात ती पोटावरच्या पांढऱ्या अक्षरांवरून : 'लालासाहेबांकडून सप्रेम भेट'. वाडीचं नाव लिहायला जागाच उरली नव्हती.

लालासाहेब कुपवाडचे कारखानदार. साठी झाली म्हणून त्यांनी मला माण तालुक्यातल्या या वाडीला दिलं. ट्रकमधून उतरताच माझ्या गळ्यात हार पडला. सरपंच तात्याबांनी लालासाहेबांना फेटा बांधला आणि वेशीवर फलक लावला, 'आमची वाडी टँकरमुक्त'. खरं तर लालासाहेबांचा टँकरच दिवसाआड येऊन मला भरणार होता. तो सरकारी नव्हता, एवढंच. मलाही तेव्हा माझा अभिमान वाटला, कशाला खोटं बोलू?

त्याआधी इथं सरकारी टँकर यायचा. उशिरा यायचा, गळका होता, दोन खेपा लिहून एकच टाकायचा. बाया ड्रायव्हरला तोंडावर शिव्या द्यायच्या. मनुबाई तर एकदा चाकापुढं बसली होती म्हणे. विधवा बाई, चार शेळ्यांवर पोट. म्हणाली, "काडीपेटी घेतली तरी कर भरतो आमी. हक्काचं पाणी हाय. दुसरी खेप टाकल्याबिगर चाक हलू देणार न्हाई." त्या दिवशी दुसरी खेप आली.

फलकाचा फोटो पेपरात छापून आला. तो तहसील कचेरीत कुणीतरी पाहिला आणि टंचाईच्या यादीतून वाडीचं नाव उडालं.

पहिला उन्हाळा मी काठोकाठ भरलेली होते. पाणी गोड होतं, वेळेवर यायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात खेपा आठवड्याला एक झाल्या, मग बंदच. लालासाहेबांनी यंदा शाळांना दप्तरं वाटायला घेतली होती. त्यांना जाब कोण विचारणार? दान होतं ते. मन झालं, दिलं. मन उडालं, थांबलं.

मनुबाई ग्रामपंचायतीत गेली. पंचायतीची कचेरी माझ्यासमोरच आहे, सगळं ऐकू येतं.

"टाकी मोकळी हाय, सरकारी टँकर द्या, असा ठराव करा की."

"आगं, लालासाहेबांना काय वाटंल?" तात्याबा म्हणाले. "एवढं उपकार केलं त्यांनी. पुढच्या साली सभामंडप देतो म्हणाल्यात."

"आवं, शेळ्या मंडप पित्यात व्हय?"

ठराव झाला नाही. मग मनुबाई एकटीच दहिवडीला तहसील कचेरीत गेली, अर्ज देऊन आली. साहेब पाहणीला येणार असं कळलं, तशी तात्याबांची धांदल उडाली. दात्याची शोभा व्हायला नको म्हणून त्यांनी कुपवाडला फोन लावला. पाहणीच्या दिवशी सकाळीच टँकर आला आणि मला गळ्यापर्यंत भरून गेला. पाणी नकोसं वाटावं, असा तो माझ्या जन्मातला एकच दिवस.

साहेबांनी मला बोटांनी वाजवलं. आवाज भरीव आला. तोटी सोडली, धार लागली.

"पाणी तर आहे की, बाई."

"आज सकाळीच आलंय साहेब, तुमी येणार म्हनून. इचारा ह्यांना."

साहेबांनी बायांकडं पाहिलं. महिनाभर मैलभर लांबच्या विहिरीवरून हंडे वाहणाऱ्या बाया त्या. तात्याबा शेजारीच उभे होते. सगळ्यांना भीड पडली. एकजण हळूच म्हणाली, "लालासाहेबांची कृपा हाय." साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं.

मी काय करणार होते? माझ्या पोटातलं पाणीच माझ्या वतीनं खोटं बोललं. ते चार दिवस पुरलं. त्यानंतरच्या बाजारात मनुबाईनं चारही शेळ्या विकल्या. त्यातली एक गाभण होती.

आता मी रिकामी आहे. उन्हानं अंगाला चिरा पडल्यात. लालासाहेबांवर माझा राग नाही म्हणायला हवं, पण आहे; आणि तात्याबांवर त्याहून जास्त. तुम्ही कुणी कधी पाहणीला आलात, तर एवढं करा. मला वाजवून बघू नका. मनुबाईच्या घरात जा आणि तिच्या हंड्यात डोकावा.