दोन आपले, एक परका

वस्तादांना बिअर आवडायची, बिअर पिणारी माणसं मात्र अजिबात आवडायची नाहीत. त्यातही काळी, जड, बारा टक्क्यांची, लाकडी पिंपात दीड-दोन वर्षं मुरलेली बिअर चाखायला येणारी माणसं तर त्यांच्या डोक्यातच जायची. रविवारी दुपारी कारखान्याच्या पुढच्या खोलीत ही मंडळी बाकांवर ओळीने बसायची. एक दाढीवाला प्रत्येक घोटामागे वहीत काहीतरी खरडायचा. एक चष्मेवाल्या बाई ग्लासात नाक खुपसून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "चॉकलेट... मनुका... आणि मागाहून जरासं जुनं चामडं."

"चामडं खाल्लंय का कधी बयेनं?" वस्ताद आत तोट्या पुसता पुसता बायकोला विचारायचे. "हिला चप्पल उकळून दिली तरी वाहवा करील."

"अहो, हळू बोला. ऐकू जातं बाहेर."

"जाऊ दे की! पैसे देऊन अपमान करून घ्यायला येतात ते. तेवढं तरी पदरात पडायला नको?"

एकदा एका गृहस्थाने या बिअरमध्ये टाकायला बर्फ मागितला होता. वस्तादांनी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला होता आणि त्याला लिंबाचं सरबत आणून दिलं होतं. हा किस्सा ते अजूनही तिखटमीठ लावून सांगत.

पण बाहेरच्यांचं एक वेळ ठीक. वस्तादांचा खरा राग होता तो घरात, आणि तो होता सुनेवर. मुलगा विम्याच्या कंपनीत नोकरीला लागला होता, त्याला बिअरच्या वासानेच डोकं दुखायचं. त्याचं नाव वस्तादांनी केव्हाच टाकलं होतं. आणि त्याच मुलाची बायको, आधी दुधाच्या डेअरीत तपासनीस म्हणून काम केलेली, एक दिवस पदर खोचून कारखान्यात येऊन उभी राहिली. "बाबा, मला शिकवाल?" असं म्हणाली. वस्तादांनी शिकवलं, म्हणजे दोन वर्षं पिंपं घासायला लावली. तिसऱ्या वर्षी तिने स्वतःची चार नवी पिंपं आणवली, स्वतःच्या डोक्याने सातू भाजून घेतला आणि स्वतःची काळी बिअर मुरायला घातली. दर शनिवारी चारही पिंपांतून चमचा चमचा काढून ती चाखायची आणि तारीख घालून लिहून ठेवायची.

"दूधवाली," वस्ताद म्हणायचे. "दही लावल्यासारखी बिअर लावते. रोज झाकण उघडून बघते लागलं का!"

आता गोष्ट अशी झाली होती की मागच्या खोलीत जागा होती दहा पिंपांची. सहा वस्तादांची, चार सुनेची. हिवाळ्याचा नवा माल शिजवायची वेळ आली होती आणि तो मुरवायला एकही पिंप रिकामं नव्हतं. वस्तादांनी जेवताना सरळ फर्मान काढलं, "तुझी चार मोकळी कर. गटारात ओत ती बिअर. तशीही तिची जागा तीच."

सुनेने घास खाली ठेवला. दोन वर्षांचं काम होतं ते. रडून, भांडून काही होणार नाही हे तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तीन ग्लास लावू या."

तीन ग्लासांची परीक्षा ही या कारखान्याची जुनी रीत. तीन एकसारखे ग्लास मांडायचे, दोहोंत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. कशात काय आहे ते न सांगता समोरच्याने चाखायचं आणि वेगळा कोणता ते ओळखायचं. वस्तादांनी तीस वर्षांत या तीन ग्लासांनी कितीतरी जणांचं पाणी जोखलं होतं. माल्ट विकणारा, हॉटेलवाला, नव्याने लागलेला कामगार, कोणी सुटला नव्हता. ओतायचे नेहमी वस्ताद स्वतः, आणि ओतायचे ते नेहमी एकाच पद्धतीने: दोन ग्लास आपले, एक परका. दुसरी कुठली पद्धत असू शकते हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

सुनेचं म्हणणं ऐकून त्यांना हसूच फुटलं. "माझ्यापुढे? तीन ग्लास? बरं! होऊनच जाऊ दे." आणि जेवणावरून उठून, हात न धुताच, त्यांनी मागच्या खोलीतल्या फळ्यावर खडूने लिहून टाकलं: 'जो ग्लास वेगळा निघेल आणि टाकाऊ ठरेल, त्याची पिंपं गटारात.' खाली सही ठोकली. सुनेलाही करायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, जीभ ताजी असताना, तिघं मागच्या खोलीत जमली. ओतायचं काम वस्तादांच्या बायकोकडे. वस्ताद चाखणार म्हटल्यावर ते ओतू शकत नव्हते, आणि सूनही नाही. बायकोने वजनकाट्याच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, कोणाचे दोन आणि कोणाचा एक ते नाणं उडवून ठरवलं, कागदावर लिहून पाकिटात घातलं आणि तीन काळ्या काचेचे ग्लास ताटात घेऊन बाहेर आली. सुनेसाठीही तसेच तीन होते, कारण चाखायचं दोघांनी, बोलायचं आधी वस्तादांनी, असं ठरलं होतं.

वस्तादांनी पहिला ग्लास उचलला. हुंगला नाही, गरगर फिरवला नाही, ते चाळे रविवारवाल्यांचे. सरळ घोट घेतला, जिभेवर धरला आणि गिळला. ही बिअर थुंकायची नसते. तिची खरी चव गिळल्यानंतर घशातून वर येते, हे ते सगळ्यांना ओरडून सांगत. आधी भाजलेल्या सातूचा कडवटपणा आला, मग काकवीसारखा गोडवा, आणि मग छातीत सावकाश पसरत गेलेली ऊब. वस्तादांनी मान डोलावली. 'माझी,' ते मनात म्हणाले.

पाण्याचा घोट घेतला, पावाचा तुकडा चघळला आणि दुसरा ग्लास तोंडाला लावला.

त्यांचा चेहराच वाकडा झाला. "शी!"

सुनेनेही नुकताच तिचा दुसरा ग्लास चाखला होता. तिने चटकन वर पाहिलं. मग पहिल्याचा एक घोट घेतला, तिसऱ्याचा घेतला, आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "बाबा," ती म्हणाली, "जरा थांबा."

"का? थांबू का?" वस्तादांना गंमत वाटली. आता हिला घाम फुटला! त्यांनी तिसरा ग्लास चाखला, तो पहिल्यासारखाच निघाला. बसल्या जागी ते टेचात मागे रेलले. "दुसरा. दुसरा वेगळा. लहान पोरानेही ओळखला असता."

"हो, दुसरा वेगळा आहे. बरोबर आहे तुमचं," सून घाईने म्हणाली. "ओळखलंत ना? झालं तर मग. एवढ्यावर थांबू या. बाकी काही बोलू नका."

"वा! बोलू नका! आता गयावया करतेस होय?" वस्तादांनी दुसरा ग्लास हातात घेतला आणि उंच धरला. "ऐक, शिकायला मिळेल. ही बिअर आंबट आहे. थोडीथोडकी नाही, व्हिनेगर झालंय. ज्याने मुरवली त्याने पिंपाकडे ढुंकून पाहिलेलं नाही. फटीतून हवा शिरतेय आणि या शहाण्याला पत्ताच नाही."

"बाबा, पाया पडते तुमच्या, पुरे करा."

"आणि पोकळ! बारा टक्क्यांची आहे म्हणे. अगं, दारूचा चटका आहे नुसता, अंगच नाही. ही आळशी माणसाची बिअर आहे. एकदा मुरायला घातली, गावभर फुशारकी मारली आणि झोपून राहिला. अशा माणसाच्या हातात पिंप देऊ नये, बादलीसुद्धा देऊ नये!" एवढं बोलून त्यांनी तो ग्लास मोरीत उपडा केला. "हा वेगळा, आणि हाच टाकाऊ. फळ्यावर काय लिहिलंय ते वाच, आणि चल, पिंपं उघडायला घे."

सून खाली मान घालून बसली होती. वस्तादांना वाटलं, आता रडणार. त्यांना जराशी कीवसुद्धा आली.

बायकोने पाकीट फोडलं. वाचताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजाराची यादी वाचावी तसा. "एक नंबर, सुनेची. तीन नंबर, सुनेची. दोन नंबर, तुमची."

"काय?"

"दोन नंबर तुमची. खिडकीजवळच्या पिंपातली. सगळ्यांत जुनी, तुमची लाडकी."

वस्तादांनी कागद हिसकावून घेतला. वाचला, उलटा करून पाहिला. "दोन आपले असतात! एक परका! तीस वर्षं मी..."

"तीस वर्षं तुम्ही ओतत होता. आज मी ओतली."

"तू काहीतरी गडबड केलीस. दोघींनी संगनमत केलंय!"

"मी?" बायको इतकी शांत होती की वस्तादांना तिची भीती वाटली. "चार वर्षं झाली, मी सांगतेय तुम्हाला. अहो, पिंपं म्हातारी झालीत. अहो, खिडकीकडच्याला आंबूस वास मारतोय. घासते मी ती, माझं नाक त्यांत असतं. तुम्ही काय म्हणायचात? आठवतंय?"

वस्तादांना आठवत होतं. 'तुला काय कळतंय.' हे ते इतक्या वेळा म्हणाले होते की ते वाक्य आहे हेही विसरले होते. आपली बिअर ते दर आठवड्याला चाखत, नाही असं नाही. पण पिंपावर हात ठेवून, आपलीच आहे हे माहीत असताना. तेव्हा आंबटपणा त्यांना मुरलेपणा वाटायचा.

ते उठले. भिंतीवरची लाकडी मोगरी काढली आणि खिडकीकडच्या पिंपाकडे निघाले. शब्द म्हणजे शब्द. फळ्यावर सही होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना कोणाशी बोलायचं नव्हतं, काहीतरी फोडायचं होतं.

सून आडवी आली. "बाबा, थांबा."

"बाजूला हो. तू जिंकलीस. आता उपकार नकोत."

"उपकार नाही करत. मला हवी आहे ती." तिने फळीवरून एक लहान बरणी काढली, पुसली आणि चौथ्या ग्लासात दोन बोटं ओतली. "हे चाखा. मग काय ते फोडा."

वस्तादांनी तिच्याकडे असं पाहिलं की एखाद्याने ग्लास खाली ठेवला असता. तिने ठेवला नाही. शेवटी त्यांनी तो घेतला आणि घोट घेतला.

तोच कडवटपणा, तीच काकवी, तीच ऊब. पण त्या जड गोडव्याला खालून कोणीतरी हलकेच धरल्यासारखं झालं होतं. तोंडाला पाणी सुटत होतं, घोट संपला तरी चव जात नव्हती. तीस वर्षं वस्तादांना हेच करायचं होतं. त्यांनी कितीदा जवळपास येऊन ते घालवलं होतं, आणि ते जमलं होतं डेअरीतून आलेल्या या पोरीला. त्यांना लाज वाटली, रागही आला आणि ग्लास खाली ठेववेना.

"काय घातलंयस यात?"

"तुमची बिअर," सून म्हणाली. "आंबट झालेलीच. माझी फार गोड होत होती, शेवटी शेवटी जिभेला चिकटायची. तुमची थोडी मिसळली आणि मोकळी झाली. सहा महिने करून बघतेय. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती."

वस्तादांनी आणखी एक घोट घेतला. "किती घातलीस?"

"दहा भागांत एक."

"दोन घाल."

"नाही बाबा. दोन घातले की सगळं आंबतं. करून बघितलंय."

"दीड?"

"एकच."

वस्तादांनी मनात हिशेब केला. तिची चार पिंपं. दहात एक भाग. "म्हणजे माझं अर्धं पिंप लागलं. उरलेली साडेपाच?"

सुनेने सासूकडे पाहिलं. ती ताटातले ग्लास गोळा करत राहिली. "सगळीच आंबलीत. ओतावी लागतील, बाबा," सून म्हणाली. "आणि पिंपंही बदलावी लागतील."

वस्तादांनी साऱ्या खोलीवरून नजर फिरवली. सहा पिंपं, कितीतरी हिवाळे. आत्ता काहीतरी लागेलसं बोलावं, निदान दूधवाली तरी म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. मग त्यांनी मोगरी तिच्या हातात दिली.

"कुठलं ठेवायचं ते तू चाखून ठरव," ते म्हणाले. "मी ठरवलं तर सगळीच ठेवीन."